किती गेलं तर चालेल

संचालकांच्या बैठकीत मला पंधरा मिनिटं दिली होती,
त्यातली सहा प्रोजेक्टर लावण्यात गेली.
पहिल्याच स्लाइडवर मी लिहिलं होतं:
किती तासांचं काम गेलं तर चालेल?

अध्यक्ष म्हणाले, काहीच जाता कामा नये.
मी म्हटलं, त्याला पैसे लागतात.
किती?
मी आकडा सांगितला.
पंखा तेवढा फिरत राहिला.
मग म्हणाले, बरं, काय काय गेलं तर चालेल, काढा यादी.

म्हणून मी वही घेऊन टेबलोटेबली फिरले.
कर्जविभागातल्या उमराणीबाई म्हणाल्या,
एक ओळही नाही, लिहून घ्या.
वर चष्मा पुसता पुसता,
माझी पाच मार्चची रजा मात्र गेली तर बघा.

पिग्मीचे गुलाब काची नुकतेच मंडईतून आले होते,
पिशवीत चिल्लर, शर्टाला मेथीची माती.
म्हणाले, अर्धा दिवस.
दुपारपर्यंत कुणी किती दिलं
ते देणाऱ्याला पाठ असतं.
रात्र उलटली की माणूस विसरतो,
नाहीतर जास्तीचं आठवतो.
ते मी कोष्टकात तसंच भरलं:
पिग्मी, बारा तास, आधार देणाऱ्याची आठवण.

आमची पतसंस्था नारायण पेठेत,
नदी चालत चार मिनिटं.
सर्व्हर तळमजल्यावर, जिन्याखाली,
पिण्याच्या पाण्याच्या टाकीला खेटून.
त्याच्या मागच्या कपाटात पानशेतच्या साली भिजलेली खतावणी आहे.
जमेची बाजू अजून लागते,
नावेची धुऊन गेली.
तरी लोक आले म्हणे,
आपापलं देणं तोंडी सांगून गेले.
म्हणे. नोंद नाही त्याची.

तर, तीन प्रती.
एक इथे. एक इथेच, पण दुसऱ्या जातीच्या डिस्कवर.
एक लांब.
उपाध्यक्ष म्हणाले, जुन्नरला शाखा आहेच की आपली.
मी नकाशा उघडला.
जुन्नरची कुकडी घोडेला मिळते, घोड भीमेला,
आणि आपली मुठाही मुळेला धरून तिकडेच जाते.
एका घरातल्या दोन खोल्या झाल्या या.
शेवटी वाई ठरली. कृष्णाकाठ.
पुढे कर्नाटकात भीमाही कृष्णेलाच मिळते,
पण तेवढं लांबचं धोरणात धरत नाहीत.

वाईला पाठवण्याआधी म्हटलं,
आहे ते एकदा परत आणून बघू.
रविवारी जुनं मशीन मांडलं.
काची न बोलावता आले, बगलेत वही,
आकडे जुळतात का बघतो म्हणाले.
रोज रात्री दोन वाजता
यंत्राने लिहिलं होतं: यशस्वी.
हिरव्या अक्षरात, एकही दिवस खाडा नाही.
सत्त्याहत्तर रात्री.
फाइल उघडली.
आत शून्य.
अगदी नीट नाव दिलेलं, तारीख घातलेलं शून्य.

मी वर पळत जाऊन चालू मशीन पाहिलं.
सगळं जागेवर होतं. काही गेलं नव्हतं.
गेलं असतं तर काही राहिलं नसतं, एवढंच.

खाली आले तेव्हा काचींनी वही उघडली होती,
बोट जिभेला लावून पान धरलेलं.
सांगा बाई, कुठून वाचू?
लागणार नाही ओ, मी म्हटलं.
पण स्टूल ओढलं आणि बसले.
ते वाचत गेले: शेवंता भाजीवाली वीस,
लिंबूवाले इनामदार पन्नास,
केळीवाला, नाव नाही, हसतो तो, दहा.
हसतो तो, हे आमच्या सर्व्हरवर कुठल्याच रकान्यात नव्हतं.

धोरणाच्या शेवटच्या पानावर मी एक कलम वाढवलं:
दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी
प्रत परत आणून, उघडून, वाचून बघणे.
उपस्थित दोघे. चहाचा खर्च संस्थेकडे.

अध्यक्षांनी चहा खोडला.
बाकी मंजूर.